पुढच्या सीटवरचा मिक्सर

येडी म्हणा मला, मूर्ख म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, मी न्हाय म्हणणार न्हाय... पण तुम्हास्नी सांगतो, त्या मेसेजला मी फ्रॉड म्हटलं ते काय उगंच न्हाय ओ! आता मी म्हणजे खासबागच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, अनुराधा म्हटलं की गल्लीत कोणबी घर दाखवतंय, आन् माझं भाषण ठरलेलं: "मैत्रिणींनो, मोबाईलवर 'फुकट' आलं की समजायचं, चोर दारात आलाय!" आन् दोन महिन्यांमागं मला मेसेज काय यावा? 'आपल्या गाडीतला एक पार्ट सुरक्षेसाठी फुकट बदलून देणार आहोत.' फुकट! भाजीवाली आता मूठभर कोथिंबीर फुकट देईना, आन् गाडीची कंपनी पार्ट देणार? केला ब्लॉक! मग त्यांची पोरगी फोनवर आली, पहिल्यांदा कन्नडात, मग हिंदीत, मग मराठीत, मीबी मागं हटलो न्हाय, तिन्ही भाषांत झाडली तिला, आन् तो नंबरबी ब्लॉक. बरं, एवढ्यावर गप बसायचं का न्हाय? न्हाय! त्या मेसेजचा फोटो काढून मंडळाच्या कार्यक्रमात ह्येऽऽ एवढा मोठा पडद्यावर लावला, वर लाल अक्षरात, 'असा ओळखा फ्रॉड!'

लई हुशार की ओ मी!

तर मागच्या रांगेतनं आमची माधवी उठली. हळूच म्हणतीया, "ताई, राग मानू नका... ह्यो फ्रॉड न्हाय ओ. आमचीबी हीच गाडी. आम्ही गेलतो की शोरूमला, आमचं बदलून झालं."

"काय बदललं?"

"एअरबॅग ओ, डाव्या सीटम्होरची. धडक बसली की फुगा उघडतोय बघा, त्याच्या मागची लोखंडी डबी खराब निघालीया. फुगा उघडताना डबीच फुटून तुकडे अंगावर येऊ शकत्यात म्हणे. काम होईस्तवर त्या सीटवर कोणी बसायचं न्हाय म्हणून सांगितलंय."

सगळ्या बायका एकदा माझ्याकडं बघतायत, एकदा पडद्याकडं. आन् मला घाम! कारण आमच्या गाडीत त्या डाव्या सीटवर कोण बसतंय ठाऊक हाय? आत्ती! म्हणजे माझ्या सासूबाई ओ! दुसरं कोण बसून दाखवावं तिथं. आमच्या ह्यांनी, म्हणजे भूपालांनी, एकदा बसायला बघितलं, तर "तू मागं बस रं, तुला कोण बघणार हाय?" आता आत्तींचं माहेर निपाणी. माहेरच्या दारात गाडी थांबली पाहिजे, पुढचं दार उघडलं पाहिजे, आन् भावजया ओळीनं बघत असताना आत्तींनी सावकाश, एकेक पाय खाली ठेवत उतरलं पाहिजे. त्यासाठी तर गाडी घेतली की ओ आम्ही! न्हायतर मी शिकवतो ती शाळा काय, घरापासनं हाक मारली तर ऐकू येती.

केला शोरूमला फोन. "सोमवारी घेऊन या." आन् आदल्या दिवशी, रविवारी, निपाणीत आत्तींच्या भावाची, गुंडूमामांची वास्तुशांत! आमचे हे अगोदरच जाऊन तिथं मांडव बघायला लागलेले. राहिलो कोण? मी, आत्ती, आन् ती डबी.

तुम्ही म्हणणार, सांगून टाकायचं की सरळ. कसं सांगू ओ? 'आत्ती, दोन महिनं तुम्हास्नी त्या डबीम्होरं बसवून फिरवलंय, आन् सांगायला आली त्या पोरीला मी चोर म्हणून हाकललंय,' असं? आत्तींच्या कानात सकाळी पडलेलं दुपारी चिकोडीत पोचतंय! म्हटलं, बसनं जाऊया. "गाडी दारात सोडून बसनं? का? हप्ते थकले म्हणून सांगू भावजयांस्नी?" म्हटलं, पुढं ऊन लागतंय ओ आत्ती. "पदर हाय मला." म्हटलं, सीट जरा हलतीया. बसून हलवून बघितल्या! "कुठं हलती?"

शेवटी मी काय केलं... वास्तूला द्यायला नवीन मिक्सर घेतलता, तो खोक्यासकट उचलला, पुढच्या सीटवर ठेवला, आन् हलू नये म्हणून वरनं पट्टा लावला. म्हटलं, "आत्ती, मागं बसा. काचेचं भांडं हाय त्याला."

आत्ती काय बोलल्या न्हाईत. तुम्हास्नी सांगतो, आत्ती बोलल्या की भ्या न्हाय, बोलल्या न्हाईत की मग भ्या! गप मागं बसल्या. हत्तरगीच्या नाक्यावर गप. संकेश्वर गेलं, गप. तवंदीच्या घाटात मी आपलं "आत्ती, पाणी पायजे का?" तर मागनं आवाज, "मिक्सरला विचार."

निपाणीत दारात गाडी थांबली. सगळ्या भावजया ओळीनं हुब्या. आत्तींचा भाचा अरिहंत, मोठा मान दिल्यागत पळत आला, पुढचं दार उघडला, "या आत्या!" म्हणून वाकला... आन् आत मिक्सर! पट्टा लावून बसलेला!

लई हुशार की ओ मी!

मग काय, आमच्या जैनांत सत्यनारायण नसतोय, पण पूजा झाल्या झाल्या पंगतीत एकच विषय. "वन्सं, तुमची सून मिक्सरला लई जपती बाई!" "मिक्सरला मागं मळमळतंय काय गं, अनु?" आमचे हे वाढायला बुंदीची बादली घेऊन आलते, ते माझ्याकडं न बघताच पुढं गेले. आत्ती सगळ्यांस्नी सांगतायत, "माझं आता वय झालं. मिक्सर नवीन हाय."

गुंडूमामा माणूस चांगला. जवळ येऊन विचारले, "अनु, खरं काय झालंय गं बाळ?" आन् माझा बांधच फुटला ओ! पानावरच सगळं ओकलो. मेसेज, ब्लॉक, पडदा, डबी, सगळं! आता बसत्यात शिव्या म्हणून डोळे मिटले. तर आत्ती मट्ठ्याची वाटी खाली ठेवल्या, इचार केल्या आन् म्हणाल्या, "मग नवीन मिक्सर का ठेवलीस तिथं? फुटला असता तर?"

तेवढ्यात तिकडं अरिहंतचा चेहरा पडला. त्याचीबी हीच गाडी! "वैनी... मीबी ब्लॉक केलोय." असं का केलास रं? "तुमचा तो फोटो फॅमिली ग्रुपवर आलता की. 'असा ओळखा फ्रॉड.'"

लई... जाऊ द्या.

सोमवारी शोरूमला. आत्ती संगटच, मागच्या सीटवर. तिथला सौरव, "बर्री आज्जी, कुंदर्री," म्हणजे या, बसा म्हणून खुर्ची दिला, आन् मला म्हणतोय, "मॅडम, लिंक दाबला न्हाईसा ते बरोबर. पण ब्लॉक करून गप बसायचं नव्हतं. कंपनीच्या साईटवर आपण स्वतः जायचं, चेसिस नंबर घालायचा, गाडी रिकॉलमधे, म्हणजे दुरुस्तीला परत बोलावलेल्यांत, हाय का न्हाय लगेच कळतंय. न्हाय जमलं तर शोरूमला फोन. सेकंड हँड घेतलेली असली तरी काम फुकटच." मी अरिहंतला लगेच मेसेज केला, 'आजच ये. लिंक दाबू नको. मला फ्रॉड समजू नको.'

काम झालं. आत्ती उठल्या. "जुनं सामान दे." आता आमच्या घरात पद्धतच ती ओ! मोटर दुरुस्त करा, शेगडी करा, जुना पार्ट परत घ्यायचा, न्हायतर बदलला कशावरनं? माळ्यावर पोतंभर हायत.

सौरव म्हणाला, "आज्जी, ते देता येत न्हाय. आत स्फोटक असतंय, कंपनीला परत जातंय."

"दोन महिनं माझ्याम्होरं ठेवलासा तवा चाललं. आता घरी न्हेतो म्हटलं की स्फोटक?"

मी आत्तींस्नी हाताला धरून बाहेर आणलं, झोकात पुढचं दार उघडलं, सीट झाडली, "या आत्ती! आता काय भ्या न्हाय, तुमची जागा तुम्हास्नी!" तर आत्ती सरळ मागचं दार उघडल्या, आत बसल्या, पाय लांब सोडल्या. म्हटलं, "अहो पुढं की!" तर, "नको. मागं बसल्यावर कळलं, सगळे साहेब मागंच का बसत्यात."

तुम्हास्नी सांगतो, शोरूमपासनं खासबागपर्यंत विनवण्या केल्या ओ, म्हटलं आत्ती, माझं चुकलं, मंडळात माफी मागतो, मिक्सर परत आणतो, लोक काय म्हणतील, सुनेला ड्रायव्हर केलं म्हणतील, एकदा तरी पुढं या की... आत्ती आरशातनं माझ्याकडं बघितल्या आन् म्हणाल्या, "म्होरं बघून चालीव गं. ड्रायव्हरनं लई बोलू न्हाय."