फाटकावरचा शेंदूर

सातपूरच्या बसथांब्यावर मोहिनीच्या पुढे मंगलाबाई आणि दराडेकाका उभे होते. बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर श्रमदानाने पायवाट करणारे हेच ते दोघं.

“काका, काल जुन्या फाटकावर ट्रक आपल्या पायवाटेवरून रस्ता ओलांडणाऱ्या पोरींच्या अंगावरच आला हो!”

“आपण पांढरे पट्टे मारलेत ना रस्त्यावर?”

“पट्ट्यांना कोण विचारतंय? विचारतात ते तुमच्या दगडाला.”

“म्हणून तर ठेवला! शेंदूर दिसला की ड्रायव्हर गाडी हळू करतो.”

“हळू कसली? चालत्या गाडीत दोन्ही हात जोडतो! स्टिअरिंग सोडून, डोळे मिटून. आणि पोरी पट्ट्यांवर!”

“अरे देवा!”

“आजच उचला तो दगड.”

“मी?”

“मग कोण? रुळाखालून तुम्हीच काढलात, शेंदूरही तुम्हीच फासलात.”

“तेव्हा दगड होता, बाई. आता लोक नवस बोलतात. मला भीती वाटते.”

“ट्रकची?”

“त्याची.”

मोहिनीने रांग सोडली. सकाळीच तिने नवऱ्याला बजावलं होतं, फाटकावरच्या देवाला हात जोडल्याशिवाय ट्रक पुढे न्यायचा नाही. समोरच्या एसटीडी बूथवरून तिने त्याच्या मालकाला फोन लावला.

“ह्यांची गाडी निघाली का हो?”

“केव्हाच, वहिनी. फाटकाशी पोचलीही असेल.”