दादाला कळलेला विनोद

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील मान्यवर, स्टुडिओतले माझे सहकारी आणि रसिकहो,

निवृत्त होणाऱ्यानं थोडक्यात आवरावं, हे मला ठाऊक आहे. अध्यक्षमहोदया आत्ताच म्हणाल्या, की बँक का बुडते हे माझ्या चित्रपटानं लोकांना हसतखेळत शिकवलं. त्यांचा मी आभारी आहे. पण तो चित्रपट कोणासाठी केला, हे आज सांगू का?

माझ्या थोरल्या भावासाठी. दादाची जन्माची पुंजी ज्या बँकेत होती, तिला एके सकाळी टाळं लागलं. तो रोज इतर ठेवीदारांबरोबर तिच्या बंद दारात जाऊन बसायचा आणि घरी येऊन विचारायचा, "अरे, मी ठेवलेले पैसे गेले कुठे?" मी एका अर्थतज्ज्ञांना घरी बोलावलं. ते आकडे सांगत राहिले, दादा मान डोलावत राहिला. ते उठून गेले, आणि पुन्हा तोच प्रश्न!

म्हणून मी एक लॉन्ड्रीवाला रचला. लोक त्याच्याकडे कोट ठेवतात, तो ते परस्पर भाड्यानं देतो. सगळे एकदम थोडेच मागायला येणार? एक दिवस येतात. दारावर पाटी, 'आपले कोट सुरक्षित आहेत', आणि आत नुसते हँगर. चौकशीला सरकारी साहेब येतात, तर त्यांच्याच अंगावर एका गिऱ्हाइकाचा कोट!

पहिल्याच खेळाला लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. सर्वांत मोठ्यानं हसले ते पुढच्या रांगेतले मंत्रिमहोदय. असो. दादाची खुर्ची मात्र रिकामी दिसली. मी बाहेर धावलो. तो जिन्यापाशी उभा होता.

"दादा, आवडला नाही का?"

"कळला रे. पहिल्यांदाच नीट कळलं. आजवर वाटायचं, माझा कोट आत कुठेतरी टांगलेला असेल." मग हळूच म्हणाला, "तो साहेब आला तेव्हा मीही हसलो हं. घरी सांगू नकोस."

घरी कोणाला सांगणार? आम्ही दोघंच तर राहत होतो.

त्यानंतर त्यानं पैशांचं नाव काढलं नाही. बँकेच्या दारात जाणं सोडलं, तिथले सोबती तुटले, हळूहळू बोलणंही आटलं. माझा पुढचा एकही चित्रपट त्यानं पाहिला नाही. गेल्या वर्षी तो गेला. हल्ली काही विनोदी सुचलं की मी मोठ्यानं म्हणून बघतो. जमलंय की नाही, ते सांगायला कोणी नसतं.

सहकाऱ्यांनो, तुम्ही हसायचात म्हणून मी लिहीत गेलो. तुमचे उपकार कसे फेडू? बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाचा मान चुकला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि कधी आमच्या गल्लीतून जाणं झालं, तर दार वाजवा. उघडायला मी आहेच.