एक नाव पुकारायचं राहिलं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या मतदारसंघाच्या सन्माननीय आमदार, व्यासपीठावर बसलेले नगराध्यक्ष, मंडप आणि ध्वनिक्षेपक व्यावसायिक संघाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधाम सोडून जमलो ते सत्कारमूर्ती पुकारेकाका, शेजारी बसून त्यांना सारखी शाल नीट करायला लावणाऱ्या काकू, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे जुने मतदार! जुने अशासाठी म्हणतो, की गेल्या निवडणुकीपासून त्यांच्यातले बरेचसे माझे राहिलेले नाहीत. हसा, हसा. हरलेल्या माणसाचा एवढा एकच फायदा असतो. तो बोलायला उठला की लोक निर्धास्तपणे हसतात.

मागे ऐकू येतंय ना? येणारच. माइक काकांनी लावलाय.

पुकारेकाका माझ्याहून जेमतेम मोठे. पण अख्खं शहर काका म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं खरं आडनाव पोस्टमन सोडला तर कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. टेम्पोवर दोन कर्णे बांधून त्यांनी या शहरात काय पुकारलं नाही? पाणी उद्या येणार नाही, हे पुकारलं. सर्कस आली, चादरींचा सेल लागला, बाजारात निळ्या सदऱ्यातला मुलगा हरवला, सगळं पुकारलं. या गावात ज्याला घरात कुणी विचारत नाही, त्याचंही नाव काकांच्या आवाजात एकदा तरी गल्लीभर दुमदुमलेलं आहे. आणि निवडणुका म्हणाल, तर पालिकेपासून विधानसभेपर्यंत प्रत्येक उमेदवार त्यांच्या दारात जाऊन आलेला आहे.

फक्त एक नाव राहिलं. त्यांच्या मुलीचं. आणि गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं, की घरातल्या घरात हळू बोला, पण माइक बंद म्हणजे बंद. म्हणून तर आजचा निरोप. ते नाव का राहिलं, याचं खापर काकू माझ्यावर फोडतात. तेव्हा ही हकीकत माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे निदान माझी बाजू मांडली जाईल.

गेली विधानसभेची निवडणूक तुम्हाला आठवत असेल. आपल्या संघराज्यात केंद्राची निवडणूक लोक टीव्ही बघून ठरवतात आणि राज्याची निवडणूक दारापुढचं गटार बघून. त्यात आपलं राज्य सगळ्यांत छोटं, त्यामुळे गटार सगळ्यांनाच दिसतं. मी तेव्हा तीनदा निवडून आलेलो होतो आणि तीनही वेळा नदीवरच्या पुलाची पायाभरणी केलेली होती. पाया इतका पक्का झाला होता, की वर पूल बांधायची कुणाला गरज वाटेना! नदीपलीकडच्या वस्तीत रुग्णवाहिका जायची तर लांबून वळसा घालून. तरीही चौथ्यांदा मी आरामात येणार, अशी माझी खात्री होती. नेहमीप्रमाणे मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनीही हो म्हणून शब्द दिला होता.

आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्यांची मुलगी अपक्ष म्हणून उभी राहिली. बस स्थानकाजवळच्या औषधांच्या दुकानात ती तेव्हा काम करायची. पलीकडच्या वस्तीतली माणसं औषधाला उशिरा पोचतात, हे ती काउंटरमागून रोज बघत होती. तिला चिन्ह मिळालं बादली. माझं छत्री. आमचे कार्यकर्ते बादलीवर पोट धरधरून हसले.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. ते बसायच्या आधीच मी म्हटलं, "काका, तुम्ही मोकळे. पोरीसाठी बोला. मी दुसरा माणूस बघतो."

काका म्हणाले, "माझा शब्द तिच्या अर्जाच्या आधीचा आहे."

"अहो, पण मुलगी आहे तुमची!"

"म्हणूनच म्हणतोय. उद्या लोक तिला विचारतील, तुझ्या बापाने एक शब्द मोडला, तू किती मोडशील? तेव्हा काय सांगेल ती?"

मला भरून आलं. पण मंडळी, राजकारणी माणसाचं भरून येणं किती टिकतं? काका जिना उतरेपर्यंत मी मनातल्या मनात उड्या मारायला लागलो होतो. समोरच्या उमेदवाराचा बाप माझा प्रचार करणार! असा योग नशिबात असावा लागतो. नशीब कुणाचं होतं, ते पुढे कळलंच.

आता त्यांच्या घरातला प्रकार ऐका. स्वयंपाकघरात बादलीचं प्रचार कार्यालय, आणि अंगणात छत्रीचा टेम्पो. काकू मला नंतर म्हणाल्या, "भाऊजी, रोज सकाळी यांना कोमट पाणी द्यायचे, घसा बसू नये म्हणून. आणि भांडं विसळताना मनात म्हणायचे, बसला तर बरं होईल." हे वाक्य मी त्यांच्या परवानगीशिवाय सांगतोय. काकू, डोळे वटारू नका, सगळे बघतायत.

काकांनी कामात कसूर म्हणून केली नाही. गल्लीबोळ पिंजून काढले. "छत्रीवरच शिक्का मारा" असं ते असं काही म्हणायचे, की माझं मलाच वाटायचं, हा कोण थोर माणूस बुवा? आणि टेम्पो पुढे गेला, की मागून ही मुलगी पायी यायची. हातात खरीखुरी बादली. प्रत्येक दारात तिला एकच प्रश्न, "अगं, तुझा बापच त्यांच्यासाठी ओरडतोय की!" आणि तिचं प्रत्येक दारात एकच उत्तर, "हो. बाबांनी त्यांना शब्द दिलाय. आमच्या घरात दिलेला शब्द मोडत नाहीत. मी तुम्हाला पुलाचा शब्द देतेय."

आता सांगा, यापुढे मी काय बोलणार होतो? डिझेल माझं, टेम्पोवर फोटो माझा, आणि जाहिरात तिची! काका जितक्या जोरात माझं नाव घेत, तितकी तिची मतं वाढत. आमच्या लोकांनी डोक्याला हात लावला. शेवटी मीच काकांना गाठलं आणि म्हटलं, "काका, फार दगदग होतेय तुमची, चार दिवस विश्रांती घ्या ना." काका म्हणाले, "छे छे. काम घेतलंय म्हणजे पुरं करणार." आधी सोडायला तयार होतो तेव्हा सुटले नाहीत, आणि नंतर हातापाया पडलो तरी थांबले नाहीत. असा प्रामाणिक माणूस शत्रूच्याही वाट्याला येऊ नये, असं तेव्हा मला वाटलं होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दुपारी मी स्वतः त्यांच्या शेजारी टेम्पोत बसलो होतो. टेम्पो त्यांच्याच गल्लीत वळायला लागला. मी म्हटलं, "काका, ही गल्ली राहू दे." ते म्हणाले, "इथेही मतदार राहतात." मुलगी दारातच उभी होती. चालून चालून चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून दुसरी चप्पल घालायला घरी आलेली. काकांनी माइक तोंडाशी धरला. माझं नाव घेतलं, चिन्ह सांगितलं, आणि "विजयी करा" म्हणताना त्यांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत प्रथमच.

ती आत गेली आणि भांड्यात पाणी घेऊन आली. म्हणाली, "बाबा, 'विजयी'च्या आधी श्वास तुटतोय तुमचा. घोटभर प्या, मग म्हणा."

काका प्यायले. आणि तिच्यासमोर, खणखणीत आवाजात, मला विजयी करा असं सगळं पुन्हा म्हणाले. पुरं होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग चप्पल घातली, बादली उचलली आणि पुढच्या गल्लीत निघून गेली. मंडळी, मी त्या टेम्पोत बसल्या बसल्या हरलो. मतमोजणी वगैरे नंतर रीतसर झाली.

वायर गुंडाळताना काका मला म्हणाले, "पुढच्या निवडणुकीला मी तिच्यासाठी बोलणार हं. आत्ताच सांगून ठेवतो." त्यांचे डोळे भरले होते. मी वायरचं दुसरं टोक धरलं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ती आमदार झाली, पूल झाला. सकाळी त्यावर फिरायला जाणाऱ्यांत पहिला नंबर माझा असतो. आमच्या सौभाग्यवतींनीही तेव्हा बादलीलाच मत दिलं होतं. मतदान गुप्त असतं, पण निकालाच्या दिवशी हिचा चेहरा काही गुप्त राहिला नाही.

आणि काका? काकू सांगतात, न्हाणीघराचं दार लावून ते रोज मुलीच्या नावाचा सराव करायचे. कुठे लांबवायचं, कुठे थांबायचं. निवडणूक जवळ यायला लागली आणि घशाने दगा दिला. डॉक्टरांनी माइक बंद म्हणून सांगितलं, तेव्हा या माणसाने काय विचारावं? "निवडणुकीपर्यंत तरी पुरेल का हो?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. हे मला कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. स्वतःच्या पराभवाचं वाटलं नव्हतं इतकं वाटलं.

म्हणून मी थोडं राजकारण केलं. जुनी खोड. डॉक्टरांना जाऊन भेटलो आणि म्हटलं, पाच मिनिटं? नाही म्हणाले. दोन? नाही. शेवटी घासाघीस होत होत एका वाक्यावर सौदा ठरला. डॉक्टर तिसऱ्या रांगेत बसलेत आणि आत्ता छताकडे बघतायत. आचारसंहिता अजून लागलेली नाही, तेव्हा हा प्रचार आहे अशी तक्रार कुणी करू नये. तशा तक्रारी या गावात मीच करत आलोय, आणि मी आज करणार नाही.

संघाने मला, पडलेल्या उमेदवाराला, इथे बोलू दिलं त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. नगराध्यक्षांचे आभार, इतका वेळ उभं राहून ऐकणाऱ्यांचे तर दुप्पट आभार. थट्टेच्या भरात कुणाला लागलं असेल, वडीलधाऱ्यांपुढे जीभ सैल सुटली असेल, तर आपला म्हणून मला सांभाळून घ्या.

आता अध्यक्षांचं भाषण व्हायचं आहे. त्यांना बोलावण्याचं काम सूत्रसंचालकांचं, पण त्यांना मी खाली बसायला सांगितलंय. आणि सुरुवातीपासून मी अध्यक्षांचं नाव एकदाही घेतलं नाही, ते रागाने नव्हे. ते माझ्याकडचं काम नव्हतं.

काका, या इकडे. काकू, शाल राहू द्या. अध्यक्षांना भाषणाला बोलवायचंय, काका. पुकारा.