तापीकाठना पोऱ्या

नरडाण्याच्या फलाटावर गाडीची वाट बघणाऱ्या पुष्पाबाईंचे कान मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांकडे लागले.

“अभिमनभाऊ, रणगाडे समुद्रमातून काठले उतरवाले सरकारनं येवढं जहाज लिधं. पोरेसले पोहनं शिकाडाले पैसा नव्हता? सरावमाच तुना पोऱ्या बुडी गया.”

“सरकारले काय बोलू, भटू? ‘फौजनी भरतीमा साहेबनी इचारं, पोहता येतं का, तं तापीकाठना शे आसं सांग,’ हाई मीच त्याले पढाडं.”

“येत नव्हतं?”

“मोठा पोऱ्या तापीमा बुडना, तैपासून याले पानीजोडे जाऊच दिधं नही. कंबरले बांधीसन शिकाले त्यानं भोपळा वाळाडा व्हता. मी घरना माळ्यावर दपाडी ठेवा, त्याले दिसाले नको म्हनीसन.”

गाडी लागली, तरी पुष्पाबाई उठल्या नाहीत.

“मंग तो भोपळा?”

“काल हौदमा टाकीसन दखा. आजूनबी तरंगस.”