ओव्हरटर्न करून दाखवा

सन्माननीय अध्यक्ष पंजाबराव साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शालिग्राम सर, गुरुजनहो आणि शेलूबाजारच्या माझ्या माणसांनो,

सरांच्या निवृत्तीनिमित्त 'अंजना, दोन शब्द बोल' असं मला सांगण्यात आलं. मी मात्र एकाच शब्दावर बोलणार आहे. ओव्हरटर्न.

आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात नदीतली एक नाव ओव्हरटर्न होत होती. आता सांगा, आपल्याकडे नाव कोणी पाहिलेली? पण सरांचा नियम होता, क्रियापद हातानं करून दाखवायचं, मग इंग्रजीत वाक्य सांगायचं. कोणी बाक उलथवला, कोणी बादली. रतनसिंगनं तर सरांची खुर्चीच उलथवली!

माझी पाळी आली. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. आम्हा बौद्धांच्या मुलांनी त्याला शिवायचं नाही, कोणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, अशी रीत. मी गेले आणि तोच उलथवला. फुटला नाही, हे नशीब! पाणी थेट सरांच्या चपलांपर्यंत गेलं.

"वाक्य?" सर म्हणाले.

मी वाक्य सांगितलं.

"बरोबर. आता जिनं उलथवला, तिनंच भरून आणायचा."

मी आणला. पहिला पेला सर प्यायले, दुसरा रतनसिंग.

संध्याकाळी शाळा समितीचे एक सभासद तणतणत आले. नाव सांगत नाही, व्यासपीठाचा मान आहे. "मास्तर, माठ बाटवला तिनं. नाव काढून टाका पोरीचं!"

माझी आई पंचफुला दारात उभी होती. "माह्या पोरीची शाळा नोका बुडवू जी."

सर शांतपणे म्हणाले, "अभ्यास म्या देल्ला होता. काढाचं तं मले काढा."

कोणालाच काढलं नाही. म्हणून आज मी कारंज्याला इंग्रजी शिकवते. पण सर, एक कुतूहल इतकी वर्षं छळतंय. त्या दिवशी तो शब्द धड्यात आपसूक आला होता, की तुम्ही माझी पाळी येण्याची वाट पाहत होता? नुसते हसू नका, सांगा!

बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही सांडलं-लवंडलं असेल तर पदरात घ्या.

आणि अध्यक्षसाहेब, तुमच्यापुढचा पेला मघाशी मीच भरून ठेवला होता. रिकामा दिसतोय. थांबा, आणखी आणते.