प्लास्टर राहू द्या

नाही, कापा ना, मी कुठे नको म्हणतेय — फक्त ते मशीन जरा खाली ठेवा. एक मिनिट. घाबरत नाहीये हो मी, दोन बाळंतपणं झाल्येत माझी, या घरघरणाऱ्या चकतीला काय भ्यायचं. मला एवढंच विचारायचंय, दादा — हे प्लास्टर आणखी तीन आठवडे राहिलं तर काय बिघडेल? हाड जुळलंय, माहितेय, फोटोत मलाही दिसतंय. पण जुळलेलं हाड आणखी थोडं जुळू दे की. हो, कागदावर गेल्या सोमवारची तारीख आहे, वाचता येतं मला. विसरले मी तो सोमवार. म्हणजे — आठवणीने विसरले, असं धरा.

बसा ना त्या स्टुलावर. बाहेर दोघंच तर आहेत, आणि तेही माझेच. अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा — दाराला कान लावून उभा असेल तो धाकटा. त्यांच्यासाठीच म्हणतेय. आज हे निघालं की उद्यापासून त्यांची शिबिरं सुरू. त्यांच्या बाबांनी सगळीकडे फोन करून जागा धरून ठेवल्यात. ते स्वतः सकाळी सहाला जातात ते रात्री आठला उगवतात, त्यामुळे ने-आण माझी. माझा पाय मोडला म्हणून पोरं घरी राहिली, आणि शाळा उघडायला अजून तीन आठवडे आहेत. तीनच मागतेय मी.

आता तुम्ही म्हणाल, बाई विचित्र आहे. ऐका तर. मी बसच्या आगारात वेळापत्रकं लावते. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठल्या ड्रायव्हरला जेवायची सुट्टी कधी — सगळं माझ्याकडे. मग पोरांची सुट्टी मी मोकळी सोडेन होय? दर उन्हाळ्यात रजा काढते, पोरांबरोबर राहता यावं म्हणून, आणि मग दिवसभर त्यांना कुठे ना कुठे पोचवत फिरते. फ्रिजवर तक्ता — थोरलीचा हिरवा, धाकट्याचा लाल. यंदा पोहणं आणि हस्ताक्षर यांच्यात सात मिनिटं ठेवली होती. कागदावर छान बसतात हो सात मिनिटं. ओल्या पोराला कपडे चढवेपर्यंत सहा गेली, आणि मी तलावाच्या पायऱ्यांवरून पळत — पुढचं तुम्हीच निस्तरलंत. पण पडल्या पडल्या माझ्या तोंडून काय निघालं, माहितेय? ‘तू हो पुढे, उशीर होतोय.’ सात वर्षांच्या पोराला. अजून लाज वाटते सांगताना.

पहिले चार दिवस धाकट्याने डोकं खाल्लं. दर अर्ध्या तासाने येऊन विचारायचा, आता काय आहे? मी म्हणायची, काही नाही. तर म्हणे, काही नाही किती वाजेपर्यंत आहे? पाचव्या दिवशी विचारायचा थांबला. मी फरशीवर पसरलेली, पाय उशीवर, दोघं दोन बाजूंना, वर पंखा — आणि दोन तास कुणी काही म्हणता काही केलं नाही. मग थोरली छताकडे बघत म्हणते, आई, मला नाच आवडत नाही. चार वर्षं जातेय ती नाचाला! मी म्हटलं, अगं, मग बोलली का नाहीस? तर म्हणे, कधी बोलणार, तू घाईत असायचीस. मला राग यायला हवा होता ना? रडूच आलं.

तेव्हापासून आमच्याकडे सगळा आनंदीआनंद. भूक लागली की जेवायचं — एकदा दुपारी चारला जेवलो, एकदा सकाळी नऊलाच. आमच्या साहेबांना कळलं तर कामावरून काढतील मला. धाकट्याने मिक्सर खोलला आणि परत जोडला, एक स्प्रिंग उरली. ती कुठली, कुणालाच कळलं नाही, पण मिक्सर आधीपेक्षा बरा चालतो. थोरली हसते हो, दादा. मोठ्याने हसते. मला तिचं हसणं ठाऊकच नव्हतं.

आणि हाडाच्या गोळ्यांचं तर सांगायचंच नव्हतं तुम्हाला. आता तोंडून निघालंच आहे, तर ऐका. रोज मला गोळी आणून द्यायचं काम धाकट्याचं. परवा त्याच्या खेळण्यातल्या ट्रकमध्ये सापडल्या — सतरा गोळ्या. मला कसली तरी पेपरमिंटची गोळी देत होता, मीही चघळत होते. पाय बरा झाला की शिबिर, एवढं त्याला बरोबर समजलं होतं. मी ओरडायला हवं होतं. मी काय केलं? ट्रक होता तसा कपाटात ठेवला आणि त्या दिवशीची गोळी हसत हसत चघळली. तरी हाड जुळलंच. द्वाड मेलं.

काय म्हणालात? मग पाठवू नका? वा, बोलायला तुमचं काय जातं. पाय मोडलाय म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही. उद्या धडधाकट बाई दोन धडधाकट पोरं घेऊन घरात लोळतेय म्हटल्यावर ह्यांना काय सांगू? सासूबाईंना काय सांगू? आणि त्यांचं सोडा, मीच सकाळी उठून पट्टी-पेन्सिल घेऊन बसेन, मला माझा स्वभाव माहितेय. पाय बरा असताना मला बसता येत नाही हो. कधीच आलं नाही. त्या पोराने सतरा दिवस किल्ला लढवला, आणि मला एक ‘नाही’ म्हणता येत नाही.

कापा. नाही, कापाच. आता विचारू नका पुन्हा.

झालं? एवढंच? हा माझा पाय? सोललेल्या बटाट्यासारखा झालाय की. थांबा, उभी राहते, धरू नका — कोण? ये रे, ये आत. हो, निघालं. हो, चालता येतं, हे बघ. अरे, रडतोस काय? इकडे बघ माझ्याकडे. नाही जायचं शिबिराला. उद्या नाही, परवाही नाही. हो, पाय बरा आहे. चांगला बरा आहे. तरी नाही जायचं. बाबांना मी सांगते. जा, ताईला सांग जा.

चला दादा, निघते. काय शोधताय? चप्पल? ही डावी एकच आहे. उजवी घरी. कशाला आणणार होते, मला आज कापूच द्यायचं नव्हतं. हसू नका. जाईन तशीच, एका पायाने अनवाणी. तुम्ही तुमचं काम बघा, एव्हाना कुणी आलं असेल तर बोलवा आत.