त्याला कॅन्सर नव्हता

सर्जनच्या खोलीबाहेर, माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि तिची वहिनी बोलत होत्या.

“वहिनी, दादा आत एकटाच गेला?”

“टाके दाखवून येतो म्हणाले. मला नको म्हणाले.”

“पण गाठ साधी निघाली ना?”

“अगदी साधी. पित्तनळीत अशी गाठ क्वचितच होते म्हणे. डोळे पिवळे झाले, स्कॅन काढला, तर सगळ्यांनी कॅन्सरच धरला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. काढून तपासली तेव्हा कुठे कळलं.”

“मग तुझा चेहरा असा का उतरलाय?”

“ऑपरेशनच्या आधी त्यांनी सगळी निरवानिरव केली गं. शर्ट वाटून टाकले, माझा हात धरून निरोप घेतला.”

“घाबरला असेल. आता सुटला ना त्यातून!”

“घरी आल्यापासून ताट वाढलं की म्हणतात, ‘हे त्याला फार आवडायचं.’”

“कुणाला?”

“मीही तेच विचारलं. तर आमच्या लग्नाच्या फोटोत स्वतःकडेच बोट दाखवलं.”

“चेष्टा करत असेल. पहिल्यापासून नाटकी आहे मेला.”

“तसं नको गं म्हणूस. खोलीत यायचं तरी दार वाजवतात. ‘ताई, येऊ का आत?’ म्हणतात. मला!”

तेवढ्यात दार उघडलं आणि एक बारीक, हसतमुख माणूस बाहेर आला.

“दादा, काय म्हणाले डॉक्टर?”

“चांगली बातमी आहे. त्याला कॅन्सर नव्हताच.” मग तो वहिनीकडे वळला आणि आदराने म्हणाला, “ताई, त्याच्या बायकोला तेवढं तुम्ही कळवाल का? रडत बसली असेल बिचारी.”